जुनी दिसते म्हणून खरी मानू नका



हल्ली घरोघरी मोबाईलवर एक नवाच प्रकार येऊ लागला आहे. पडद्यावर मुंग्या येतात, चित्र जरासे थरथरते, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि कृष्णधवल रंगात एक वृत्तनिवेदिका बातमी वाचताना दिसते. खाली कोणीतरी लिहिलेले असते, "दूरदर्शनवरील दुर्मिळ बातमीपत्र. एकदाच दाखवले, मग दाबून टाकले. सर्वांपर्यंत पोहोचवा!" क्लिप असते दहा-पंधरा सेकंदांची. पाहणारा हळहळतो, संतापतो आणि तीच क्लिप आणखी चार गटांत पाठवून मोकळा होतो. ती खरी होती का, हे विचारायला कोणाला सवड नसते.

पूर्वी असे खोटे बातमीपत्र बनवायचे म्हणजे स्टुडिओ, नटनट्या, जुना कॅमेरा आणि भरपूर पैसा लागत असे. आता चार ओळींची सूचना लिहिली की संगणक ते मिनिटा-दोन मिनिटांत बनवून देतो. म्हणून घरातल्या सर्वांनी, विशेषतः माता-भगिनींनी आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी, खरे-खोटे ओळखायच्या काही साध्या खुणा शिकून घेतल्या पाहिजेत असे आम्हांला वाटते. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र आरंभीच मनात पक्की करावी. चित्र जुनाट दिसणे हा कसलाही पुरावा नव्हे. नकलेत सर्वांत स्वस्त मिळणारी वस्तू कोणती असेल, तर हा जुनाटपणाच.

चंद्रावर न घडलेला अपघात

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ यानातील दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले. ते सुखरूप परत येतीलच अशी खात्री तेव्हा कोणालाही नव्हती. म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी, अंतराळवीर परत आले नाहीत तर राष्ट्राध्यक्षांनी काय बोलावे, याचे एक निवेदन आधीच लिहून ठेवले होते. सुदैवाने ते वाचण्याची वेळ आली नाही. तो कागद सरकारी दप्तरात राहिला आणि पुढे अनेक वर्षांनी लोकांसमोर आला.

पन्नास वर्षांनी, २०१९ साली, अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेतल्या काही कलावंतांनी व तंत्रज्ञांनी त्या कागदावरून एक चित्रफीत तयार केली. निक्सन टीव्हीवर येतात आणि अंतराळवीर गेल्याची दुःखद वार्ता राष्ट्राला सांगतात, असे तीत दिसते. चेहरा निक्सनचा, आवाज निक्सनचा, मागे अमेरिकेचा ध्वज. अॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात ती दाखवताना त्या काळची बैठकीची खोली मांडून जुन्या टीव्ही संचावर दाखवली गेली. मूळ चित्र वापरले होते ते निक्सन यांच्या १९७४ सालच्या राजीनाम्याच्या भाषणाचे. एका नटाने सफायरचा मजकूर वाचला, संगणकाने त्या वाचनाला निक्सनचा आवाज दिला आणि ओठांची हालचाल नव्या शब्दांबरहुकूम बदलली. बाकीचे सारे, म्हणजे हातातले कागद, गंभीर चेहरा, खाली वळणारी नजर, हे अस्सल होते.

या मंडळींनी लोकांना फसवले नाही. हे सारे बनावट आहे व ते कसे बनवले हे त्यांनी स्वतःच सांगितले. लोकांनी सावध व्हावे हाच त्यांचा हेतू होता. पण त्यातून आपण एक धडा घ्यावा. ती फीत बारकाईने पाहूनही सामान्य माणसाला खोट सापडणे कठीण होते. ती सापडते ती पडद्याबाहेर. अंतराळवीर जिवंत परतले हे जगाला ठाऊक आहे, आणि १९६९ चे म्हणून दाखवलेले चित्र १९७४ सालच्या भाषणाचे आहे, हे दोन्ही भाषणे शेजारी ठेवली की उघड होते. तेव्हा क्लिप हाती आली की डोळे ताणून बसण्यापूर्वी तिला पहिला प्रश्न विचारावा: तू कोणत्या तारखेची?

तारीख आणि पंचांग

आपल्या देशात दूरदर्शन सुरू झाले ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रायोगिक स्वरूपात. रोजचे कार्यक्रम सुरू व्हायला १९६५ साल उजाडले. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हे आकाशवाणीचाच एक भाग होते. रंगीत प्रक्षेपण आले १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी. उपग्रहावरून येणाऱ्या खाजगी वाहिन्या १९९१-९२ नंतरच्या, आणि चोवीस तास बातम्या देणाऱ्या देशी वाहिन्या त्या दशकाच्या शेवटास आल्या.

या पाच-सहा तारखा वहीत लिहून ठेवल्या तरी निम्म्या नकला तेथेच पकडल्या जातील. कोणी १९६८ सालचे "मुंबई दूरदर्शन" दाखवले, तर त्या वेळी मुंबईत दूरदर्शन नव्हते. कोणी १९७५ सालचे रंगीत बातमीपत्र दाखवले, तर प्रक्षेपण तेव्हा कृष्णधवल होते. त्या काळी रंगीत फिल्मवर चित्रण होत असे, त्यामुळे एखादी घटना रंगीत चित्रित झालेली असू शकते, पण ती दूरदर्शनचे रंगीत बातमीपत्र म्हणून घरात दिसलेली असू शकत नाही. पडद्याच्या तळाशी सतत सरकणारी बातम्यांची पट्टी दिसली तर तेही तपासावे. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तवाहिन्यांवर ती पट्टी कायमची झाली ती ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. १९८० सालच्या बातमीपत्राखाली ती कशी धावेल?

हीच कसोटी आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या विषयालाही लावली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले ६ डिसेंबर १९५६ रोजी. नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा झाला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला. भारतात टीव्ही आला त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. म्हणून "दीक्षाभूमीवरून दूरदर्शनचे थेट प्रक्षेपण" किंवा "बाबासाहेबांची दूरदर्शनवरील मुलाखत" अशा शीर्षकाने काही आले, तर ते पाहताना ऊर कितीही भरून आला तरी ते खरे असणे शक्य नाही. बाबासाहेबांचे चालते-बोलते चित्रण नाहीच असे आम्ही म्हणत नाही. फिल्मवर घेतलेली दृश्ये आहेत, बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत आहे. ती आपली खरी ठेव आहे, आणि खऱ्या ठेवीत खोटे नाणे मिसळू द्यायचे नसते.

बोललेले शब्द

दुसरी कसोटी कानाची. नकल करणारा आजचा असतो, त्यामुळे त्याच्या तोंडी नकळत आजचे शब्द येतात.

समजा १९८५ सालचे म्हणून एक मराठी बातमीपत्र आले आणि निवेदिका म्हणाली, "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आज…" तर आमच्या वाचकांना पुढे काही सांगावे लागणार नाही. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ साली, पण ते नाव विद्यापीठाला प्रत्यक्ष मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत काय सोसावे लागले हे ज्या घरांनी पाहिले आहे, त्या घरातले लहान मूलही ही नकल ओळखेल. तसेच १९८० सालच्या बातमीत "भारतरत्न डॉ. आंबेडकर" असे शब्द आले तर समजावे की गडबड आहे. तो सन्मान जाहीर झाला १९९० साली.

अशा खुणा पुष्कळ आहेत. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये, गडचिरोलीही त्याच महिन्यात. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ साली. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचे व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले १९९६ साली, आणि त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला २०१७ साली. मद्रासचे चेन्नई झाले १९९६ साली. क्लिपमध्ये आलेले प्रत्येक गावाचे, संस्थेचे, पदाचे नाव घ्यावे आणि त्या सालात ते नाव होते का, एवढेच पाहावे. शाळेतल्या मुलांना हा खेळासारखा अभ्यास देता येईल.

बोलण्याची ढबही पाहावी. जुने वृत्तनिवेदक संथ, स्पष्ट आणि भावना आवरून वाचत असत. दुःखद बातमीही ते त्याच संयमाने देत. आजच्या वाहिन्यांसारखा चढलेला स्वर आणि प्रत्येक वाक्याला धक्का देण्याची पद्धत जुन्या बातमीपत्रात आढळली तर शंका घ्यावी. येथे घरातले आजी-आजोबा कामाला येतात. त्यांना क्लिप दाखवून विचारावे, "आजी, तेव्हा बातम्या अशाच वाचायचे का?" बातमी खरी का हे त्या सांगू शकणार नाहीत कदाचित, पण निवेदिकेचा पदर, बसण्याची तऱ्हा, बातम्यांची सुरुवात कशी होई, हे त्या चटकन सांगतील.

पडद्यावरची अक्षरे

जुन्या काळी पडद्यावर दिसणारी नावे चित्रकार हाताने कार्डांवर लिहीत आणि ते कार्ड कॅमेऱ्यापुढे धरले जाई. त्यात हाताचा गोडवा असे, थोडी वळणाची चूकही असे. पुढे अक्षरे यंत्रावर उमटू लागली, पण ती खडबडीत असत. आज संगणकावर सर्रास दिसणारे 'मंगल' हे देवनागरी अक्षर विंडोज २००० या प्रणालीबरोबर लोकांपर्यंत आले. ते अक्षर १९७८ सालच्या पाटीवर दिसले, तर ती पाटी १९७८ ची नव्हे. रुपयाचे '₹' हे चिन्ह सरकारने स्वीकारले जुलै २०१० मध्ये. १९८६ सालच्या अर्थसंकल्पाच्या बातमीत ते कोठून आले?

अक्षरावरून लबाडी उघडी पडते याचा एक गाजलेला दाखला पाकिस्तानातला आहे. तेथे २०१७ साली एका बड्या राजकीय कुटुंबाच्या चौकशीत २००६ सालची तारीख असलेला कागद पुढे आला. तो 'कॅलिब्री' या अक्षरात छापलेला होता, आणि ते अक्षर बाजारात आले होते २००७ च्या आरंभी. एवढ्यावरून त्या कागदाच्या खरेपणावर मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले.

संगणकाने बनवलेल्या चित्रात आणखी एक गोष्ट पाहावी. मुख्य माणूस नीट दिसतो, पण मागच्या भिंतीवरचा फलक, टेबलावरचे वर्तमानपत्र, नकाशा यांवरची देवनागरी अक्षरे वाचायला जावे तर अर्थ लागत नाही. जोडाक्षरे तुटलेली, मात्रा भलतीकडे, काही अक्षरे तर कोणत्याच लिपीतली नसलेली. चित्र थांबवून, मोठे करून, मागची पाटी वाचण्याची सवय लावून घ्यावी. मात्र ही यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत. आज जी खूण सापडते ती उद्या सापडेलच असे नाही.

मुंग्या, रेघा आणि ओरखडे

आता चित्रातल्या दोषांकडे येऊ. नकल करणारे जुनेपणा आणण्यासाठी सगळे दोष एकाच भांड्यात कालवतात. वास्तविक प्रत्येक दोषाला स्वतःचे कारण असते.

मुंग्या या अँटेनाच्या. केंद्राकडून येणारी लहर दुबळी झाली की टीव्हीवर मुंग्या दिसतात. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणाऱ्या आणि खालून "आले का?" "गेले!" असे ओरडणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. कॅसेटचा दोष वेगळा. व्हीसीआरवर वारंवार चाललेल्या कॅसेटमध्ये चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी पट्टी दिसते, मधूनच पांढऱ्या आडव्या रेघा चमकतात आणि रंग, त्यातही लाल रंग, वस्तूच्या कडेबाहेर ओघळतो. तिसरा दोष फिल्मचा. उभे ओरखडे, धुळीचे ठिपके, अडकलेला केस, हे सारे फिल्मवर दिसते. टेपवर ते येत नाही.

म्हणून १९८५ साली स्टुडिओतून थेट बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेच्या चेहऱ्यावर फिल्मचे उभे ओरखडे पडत असतील, तर ते कोणीतरी वरून चढवलेले आहेत. तसाच तपकिरी रंग. जुन्या छायाचित्रांना तो असतो, पण कृष्णधवल टीव्हीचे चित्र कधीच तपकिरी नव्हते. घरगुती व्हीएचएस कॅसेट जपानमध्ये बाजारात आली १९७६ साली. "१९७२ सालचे, घरी व्हीएचएसवर घेतलेले" असे कोणी म्हणाले तर वादाची गरजच राहत नाही.

वरून चढवलेला दोष ओळखायची आणखी एक युक्ती आहे. खरा दोष चित्रालाच वाकवतो. रेघ आली की निवेदकाचा खांदाही तेथे सरकतो. नकली दोष मात्र चित्रावर जाळीचे कापड अंथरावे तसा असतो, खालचे चित्र जागचे हलत नाही. शिवाय तोच ठिपका, तीच रेघ दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा येते.

चित्राचा आकारही पाहावा. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात, जवळजवळ चौकोनी असे. आपल्याकडे ६२५ रेघांचे चित्र होते आणि ते सेकंदाला २५ वेळा बदलत असे, तेही दोन हप्त्यांत. आधी एका आड एक रेघा, मग उरलेल्या. त्यामुळे मूळ मुद्रणात कोणी झटकन हात हलवला तर कडेला फणीच्या दातांसारखी झालर दिसते. ती दिसली तर चांगले, न दिसली तरी लगेच खोटे म्हणू नये, कारण मोबाईलसाठी रूपांतर करताना ती पुसली जाते. कोपऱ्यात एखादी धूसर चकती दिसली तर मात्र थबकावे. कित्येक यंत्रे आपली खूण चित्रावर टाकतात आणि लबाड माणसे ती पुसतात, त्याचा तो डाग असू शकतो.

हे सारे वाचून एक चुकीचा समज होऊ नये. खोटेपणाची खूण सापडली तर क्लिप खोटी ठरते. खूण सापडली नाही म्हणून ती खरी ठरत नाही. खरेपणासाठी वेगळा पुरावा लागतो.

क्लिपला पत्ता विचारा

तो पुरावा म्हणजे पत्ता. कोणत्या केंद्राने दाखवली? कोणत्या दिवशी? कोणी मुद्रित केली आणि कशावर? ती टेप आज कोणाकडे आहे? या तुकड्याच्या आधी आणि नंतर काय होते?

"हरवलेली टेप सापडली" या बातमीला लोक भुलतात, कारण टेपा खरोखरच हरवल्या आहेत. टेप महाग असे, म्हणून जुने पुसून नवे मुद्रित करण्याची रीत जगभर होती. अपोलो ११ च्या मूळ चित्रसंदेशाच्या टेपासुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ साली सांगितला. बीबीसीनेही आपल्या 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग असेच गमावले. त्यांतले नऊ भाग २०१३ साली सापडल्याचे जाहीर झाले. पण तेव्हा काय सांगितले गेले पाहा. ते नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रात मिळाले, फिल्मच्या डब्यांत होते, अमुक माणसाने शोधले. खऱ्या शोधाबरोबर गाव, केंद्र आणि डबा येतो. खोट्या शोधाबरोबर फक्त "सर्वांना पाठवा" येते.

पत्ता शोधण्याचे दोन मार्ग घरबसल्या आहेत. क्लिप थांबवून त्या चित्राचा फोटो काढावा आणि गूगल लेन्ससारख्या साधनात टाकावा. पुष्कळदा मूळ, लांब, वेगळ्याच विषयाची चित्रफीत समोर येते. दुसरा मार्ग ग्रंथालयाचा. टीव्हीवर मोठी बातमी आली असेल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचा मागमूस हवा.

यावर आमचा एखादा कार्यकर्ता म्हणेल, "आपल्या बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्याच कधी?" प्रश्न रास्त आहे. छापल्या जात नव्हत्या म्हणून तर ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढावे लागले. पण नेमकी हीच जखम लबाडाला ठाऊक असते. "दाबून टाकलेली बातमी" हे शब्द तो म्हणूनच वापरतो. अन्याय खरा असतो, राग खरा असतो, म्हणून त्या रागाला जोडून दिलेली खोटी क्लिप आपण तपासत नाही. तेव्हा मोठ्या दैनिकात सापडले नाही तर आपल्या चळवळीची जुनी नियतकालिके पाहावीत, त्या गावच्या ज्येष्ठांना विचारावे. कोठेच काही सापडले नाही, तर क्लिप स्वतःजवळ ठेवावी, पुढे पाठवू नये.

आणखी एक इशारा. टेप अस्सल असली तरी तीतला मजकूर खरा असेलच असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीने आपल्या 'पॅनोरमा' या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून शेवयांसारख्या स्पॅगेटीचे पीक काढताना दाखवले. प्रतिष्ठित निवेदक रिचर्ड डिंबलबी यांच्या भारदस्त आवाजामुळे कित्येकांना ते खरे वाटले. ती एप्रिल फूलची थट्टा होती. चित्रफीत अस्सल, बातमी बनावट!

खोट्याचे नुकसान खऱ्याला

कोणी म्हणेल, गंमत म्हणून पाहिली तर काय बिघडले? याचे उत्तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांच्या अनुभवात आहे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ओपन एआय या कंपनीने 'सोरा २' हे चित्रफीत बनवणारे साधन बाहेर आणले. थोड्याच दिवसांत लोकांनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तोंडी वाटेल ते शब्द घातलेल्या, त्यांची विटंबना करणाऱ्या फिती बनवल्या. त्यांच्या कन्या बर्नीस किंग यांना जाहीरपणे सांगावे लागले की हे थांबवा. किंग यांच्या वारसांनी विनंती केल्यावर कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांची प्रतिमा वापरण्यास बंदी घातली. विटंबना तर वाईटच. पण त्याहून खोल नुकसान असे की, उद्या एखाद्या मुलाने किंग यांचे खरे भाषण पाहिले तरी तो विचारील, "हे तरी खरे कशावरून?"

आपल्या बाबतीत हे अधिक लागू आहे. आपला इतिहास मुळात कमी चित्रित झाला. जे थोडे आहे ते मोलाचे आहे. आपणच प्रेमापोटी किंवा रागापोटी खोट्या क्लिप पसरवल्या, तर ज्याला आपले खरे नाकारायचे आहे त्याच्या हाती आयते कोलीत मिळेल. "तुमचे ते नामांतराचे चित्रण? तेही असेच बनवलेले असेल!" असे म्हणायला त्याला मग पुरावा लागणार नाही. अभिमान वाढवणारी खोटी क्लिपसुद्धा म्हणून घातकच आहे.

कपाटातल्या कॅसेटी

यावरचा खरा उपाय दाखवला तो फिलाडेल्फिया शहरातल्या मॅरियन स्टोक्स या कृष्णवर्णीय बाईंनी. त्या ग्रंथपाल होत्या, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. वाहिन्या काय सांगतात आणि पुढे काय विसरतात, हे कोणीतरी जपून ठेवले पाहिजे असे त्यांना वाटले. १९७९ पासून १४ डिसेंबर २०१२ रोजी डोळे मिटेपर्यंत त्यांनी घरात व्हीसीआर लावून दिवसरात्र टीव्हीवरच्या बातम्या मुद्रित केल्या. कॅसेटी भरल्या सुमारे ७० हजार. त्यांच्या पश्चात हा ठेवा इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेला. त्या कॅसेटींचा पत्ता आहे: कोणी, कोठे, केव्हा मुद्रित केल्या हे सांगता येते. म्हणून त्या पुरावा आहेत.

आपल्याकडे ७० हजार नसतील. पण १९८०-९० च्या दशकांतल्या दोन-चार कॅसेटी पुष्कळ घरांत आहेत. कोणी सभा घेतली होती, कोणी दूरदर्शनचा कार्यक्रम मुद्रित केला होता, कोणाच्या लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी जयंतीची मिरवणूक आहे. त्यांची काळजी आताच घ्यावी लागेल. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. चालणारे यंत्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये, जाणकाराला दाखवावी. चांगली असेल तर फोटो-व्हिडिओवाल्याकडून संगणकावर उतरवून घ्यावी आणि मूळ कॅसेट परत मागून घ्यावी, टाकून देऊ नये. उतरवताना रंग खुलवणे, चेहरे साफ करणे, संगीत घालणे असले काही करू देऊ नये. जसे आहे तसेच राहू द्यावे. प्रत दोन वेगवेगळ्या घरी ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका कागदावर लिहावे: कॅसेट कोणाची, कोणत्या साली, कोणत्या गावी, कशावरून मुद्रित केली, तीत कोण कोण दिसते. नक्की तारीख आठवत नसेल तर "अंदाजे" असे स्पष्ट लिहावे. ज्यांना हे सांगता येते ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे.

मोबाईलवर पुढची "दुर्मिळ" क्लिप येईल तेव्हा पाठवणाऱ्याला चिडून बोलू नये. तो बहुधा आपलाच भाऊ, मेहुणा किंवा शाळेतला मित्र असतो. त्याला एवढेच लिहावे, "दादा, ही कोणत्या केंद्राची, कोणत्या तारखेची? मूळ टेप कोणाकडे आहे?" उत्तर आले तर ते वहीत टिपून ठेवावे. न आले तर क्लिप तेथेच थांबवावी.